हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिल मेलवर जात नाही? हे तपासा

ग्वाल्हेरचं जयेंद्रगंज असो की बेळगाव, बिल उशिरा पोचलं की पार्टी पैसेही उशिरा देते. म्हणून सॉफ्टवेअरमधली जावक मेलची सेटिंग एकदा नीट बघा.

जीमेलसाठी सर्व्हर 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट 587 किंवा 465. युजरनेम म्हणजे पूर्ण मेल पत्ता. घोळ होतो तो पासवर्डमध्ये. 30 मे 2022 पासून गूगलने जीमेलचा नेहमीचा पासवर्ड अशा जोडणीला चालवणं बंद केलं. आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो आणि तोच सॉफ्टवेअरमध्ये भरायचा.

अकाउंटंट सोडून गेला की मालक खात्याचा पासवर्ड बदलतात. बरोबरच आहे, पण त्यासोबत ॲप पासवर्डही रद्द होतो. नवा काढून भरा, आणि पहिलं बिल आपल्याच पत्त्यावर पाठवून बघा.