अजनाल्याची विहीर : जनुकशास्त्र आणि वंशावळ

इ.स. १८५७ च्या उठावात बंगाल देशी पायदळाच्या २६ व्या पलटणीने लाहोरजवळील मियाँमीर छावणीत ३० जुलै रोजी बंड केले. तिच्यातील २८२ शिपाई अजनाला येथे मारले जाऊन त्यांची प्रेते विहिरीत टाकली गेली, असे अमृतसरचा तत्कालीन उपायुक्त फ्रेडरिक कूपर याने १८५८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

२०१४ मध्ये विहिरीचे उत्खनन झाल्यावर हे अवशेष शिपायांचे की १९४७ च्या फाळणीतील बळींचे, असा वाद उत्पन्न झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ५० नमुन्यांतील मायटोकॉन्ड्रियल डीएनए व ८५ नमुन्यांतील समस्थानिके तपासण्यात आली. मृत व्यक्ती पंजाबातील नसून गंगेच्या खोऱ्यातील असल्याचे त्यातून दिसून आले व कूपरच्या नोंदीस पुष्टी मिळाली.

तथापि, प्रदेश कळला तरी नावे कळली नाहीत. लेस्टर येथे २०१२ मध्ये सापडलेले अवशेष इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे असल्याचे ठरविता आले. कारण त्याच्या बहिणीपासूनची मातृवंशावळ कागदपत्रांवरून जुळविता आली आणि हयात वंशजांचा डीएनए ताडून पाहता आला. राजाची वंशावळ जपली जाते, शिपायाची क्वचितच.

सारांश, केवळ प्रयोगशाळा मृताला नाव देऊ शकत नाही. अजनाल्याच्या शिपायांची ओळख पटवावयाची, तर गंगेच्या खोऱ्यातील घराण्यांच्या वंशावळी आणि तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्या यांचाही ऐतिहासिक साधने म्हणून शोध घेणे अगत्याचे ठरते.