फसवे विमानतळ आणि आगीची आमिषे : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लष्करी दिशाभुलीचा एक अभ्यास

प्रस्तावना

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रकाशयुद्ध आणि कूटयुद्ध असा भेद केलेला आढळतो. विसाव्या शतकात विमानाचा युद्धात वापर सुरू झाल्यानंतर कूटयुद्धाला एक नवे परिमाण लाभले. आकाशातून दिसणारे दृश्य हाच शत्रूच्या माहितीचा प्रमुख आधार ठरल्याने खोटे दृश्य निर्माण करणे हे संरक्षणाचे साधन बनले. शेतातील बुजगावणे पाखरांना दूर ठेवते. युद्धातील बुजगावण्याचे काम मात्र नेमके उलट, म्हणजे शत्रूला स्वतःकडे ओढून घेण्याचे असते. प्रस्तुत लेखात या साधनाची परिणामकारकता आणि त्याची किंमत यांचा विचार केला आहे.

दिवसाचे आणि रात्रीचे फसवे विमानतळ

1939 च्या उत्तरार्धात ब्रिटिश हवाई मंत्रालयाने निवृत्त अभियंता अधिकारी कर्नल जॉन टर्नर यांच्याकडे ही कामगिरी सोपविली. गुप्ततेसाठी त्यांच्या विभागाला केवळ ‘कर्नल टर्नर यांचे खाते’ असे संबोधले जाई. नकली विमानांच्या निर्मितीत शेपरटन येथील साउंड सिटी या चित्रपटनिर्मिती संस्थेतील कारागिरांचा मोठा वाटा होता. लाकूड व कापड यांपासून बनविलेली ही विमाने ‘के’ नावाच्या दिवसाच्या तळांवर मांडली जात. परंतु केवळ मांडणी पुरेशी नव्हती. विमाने जागेवरून हलविणे, चाकोऱ्या उमटविणे, वावर असल्याचा भास निर्माण करणे यासाठी प्रत्येक तळावर माणसे ठेवावी लागत. एवढे करूनही जर्मन टेहळणी विमानांच्या छायाचित्रांतून अनेक तळांचे खरे स्वरूप उघड झाले.

याउलट ‘क्यू’ नावाचे रात्रीचे तळ अत्यंत साधे होते. मोकळ्या जागेत धावपट्टीसारख्या दिव्यांच्या रांगा लावलेल्या असत आणि त्या चालविण्यास बहुधा दोन माणसे पुरत. तेथे एकही विमान नसे. तरीही दिवसाच्या तळांपेक्षा या तळांवर कितीतरी अधिक हल्ले झाले. याचे कारण स्पष्ट आहे. दिवसा शत्रू प्रतिकृती बारकाईने तपासू शकत होता; रात्री मात्र काही मोजक्या खुणांवरून उरलेले चित्र तो स्वतःच्या मनात पूर्ण करीत असे.

कॉव्हेंट्रीनंतरची ‘स्टारफिश’ योजना

14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री कॉव्हेंट्री शहर उद्ध्वस्त झाले. प्रथम आलेल्या विमानांनी आगी लावायच्या आणि मागून येणाऱ्यांनी त्या आगींवर बॉम्ब टाकायचे, ही जर्मन पद्धत होती. टर्नर यांनी याच पद्धतीचा आधार घेतला. शहराबाहेर तेल, लाकूड आदी ज्वालाग्राही पदार्थ रचून ठेवावेत, शहरातील खऱ्या आगी शक्य तितक्या लवकर विझवाव्यात आणि त्याच वेळी सुरक्षित निवाऱ्यातून विजेच्या साहाय्याने बाहेरच्या आगी पेटवाव्यात, अशी ही योजना होती. तिला ‘स्टारफिश’ असे नाव मिळाले. युद्धाच्या अखेरीपर्यंत अशी 237 ठिकाणे 81 शहरांच्या रक्षणासाठी उभारण्यात आली होती.

एप्रिल 1941 मध्ये पोर्ट्समथवरील हल्ल्याच्या वेळी लँगस्टोन बंदराच्या परिसरातील अशा आगींनी बॉम्बवर्षाव मोठ्या प्रमाणात स्वतःकडे वळविला. शहराची हानी त्यामुळे टळली. परंतु लगतच्या हेलिंग बेटावर बॉम्ब कोसळले आणि तेथील विमानवेधी तोफांवरील सैनिक मृत्युमुखी पडले. या योजनेमागील नैतिक प्रश्न येथे उभा राहतो. आमिषामुळे संकट नाहीसे होत नव्हते, ते दाट वस्तीकडून विरळ वस्तीकडे वळत होते. गुप्ततेच्या गरजेमुळे परिसरातील रहिवाशांची संमती घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. अधिकांच्या रक्षणासाठी थोड्यांना धोक्यात लोटण्याचा हा निर्णय राज्यसंस्थेने परस्पर घेतला होता.

वाळवंटातील प्रयोग

ऑक्टोबर 1942 मधील एल अलामीनच्या लढाईपूर्वी ‘बर्ट्रम’ मोहिमेत हेच तत्त्व अधिक प्रगल्भपणे वापरले गेले. चित्रपट दिग्दर्शक असलेले जेफ्री बार्कस यांच्या मार्गदर्शनाखाली उत्तरेकडील रणगाड्यांवर मालमोटारींसारखी कापडी आवरणे चढविली गेली, तर दक्षिणेकडे खोटी जलवाहिनी संथ गतीने पुढे नेण्यात आली. तिच्या वेगावरून हल्ला नोव्हेंबरमध्ये होईल, असे शत्रूला वाटावे हा हेतू होता. मुनासिब येथे नकली तोफा मुद्दाम ओळखू येतील अशा ठेवल्या गेल्या आणि नंतर त्यांच्या जागी खऱ्या तोफा आणल्या गेल्या. प्रत्यक्ष हल्ला 23 ऑक्टोबरच्या रात्री, मुख्यतः उत्तरेकडून झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, दिशाभुलीचे यश प्रतिकृतीच्या हुबेहूबपणापेक्षा शत्रूच्या पूर्वग्रहांच्या अचूक आकलनावर अवलंबून होते. हे यश मोजताना मात्र सावधगिरी आवश्यक आहे. शेतात पडलेला प्रत्येक बॉम्ब आमिषामुळेच पडला असे नाही. रात्रीच्या बॉम्बफेकीत नेम चुकणे ही नित्याची बाब होती. तसेच वाचलेल्या शहरांच्या हिशेबात, ज्या गावांनी त्यांचा धोका नकळत स्वतःवर घेतला, त्यांची नोंद घेतल्याखेरीज या इतिहासाचे मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.