पाथरीचा गुलाम, गंगाखेडची दासी

परभणीला शिक्षकांच्या एका शिबिरात इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी आम्हाला विचारले, “गुलामगिरी म्हणजे रोमची, अमेरिकेची. आपल्याकडे जात होती, वेठबिगार होती. पण गुलाम कुठे होते?” आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे, त्या वेळी उत्तर जमले नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की उत्तर त्याच जिल्ह्यात होते.

पाथरी म्हटले की हल्ली साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. पण त्या गावाची आणखी एक कथा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने नोंदवली आहे. पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातली काही माणसे गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेली होती. बहमनी सुलतान अहमदशहाच्या फौजेने तिकडच्या मोहिमेत त्यांच्यातला एक लहान मुलगा पकडला. त्याचे नाव तिमाभट, बापाचे नाव भैरव. मुलाला मुसलमान करून हसन हे नाव दिले आणि शाही गुलामांत दाखल केले. तो हुशार होता, म्हणून त्याला राजपुत्राबरोबर शिक्षण मिळाले. पुढे तो ‘मलिक हसन बहिरी’ झाला. ‘बहिरी’ हा ‘भैरव’चाच अपभ्रंश, असे फिरिश्ता म्हणतो. शाही ससाणे त्याच्या ताब्यात होते म्हणून बहिरी, असेही सांगतात. 1481 मध्ये महमूद गवानचा शिरच्छेद झाला, त्या कारस्थानात हा हसन होता. गवाननंतर राज्याची सूत्रे त्याच्याच हाती आली. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये स्वतंत्र होऊन अहमदनगरची निजामशाही स्थापन केली.

एक गुलाम राजघराण्याचा मूळपुरुष झाला, ही गोष्ट वर्गात रंगवून सांगता येते. आम्हाला मात्र खरी महत्त्वाची वाटते ती पुढची पिढी. हसनचा नातू बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. बदल्यात जास्त वसुलाचा परगणा देऊ केला. इमादशहाने नकार दिला, तेव्हा 1518 मध्ये बुऱ्हाणने फौज पाठवून पाथरी घेतली. त्यापायी पुढे अनेक वर्षे लढाया झाल्या. गाव अखेर हाती आल्यावर त्याने ते तिथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले, असे फिरिश्ता सांगतो. पाथरी मोक्याच्या जागी होती, हे कारण असणारच. तरी मुसलमान राजाने एका गावासाठी एवढा खटाटोप करावा आणि मिळाल्यावर ते कुलकर्ण्यांना द्यावे, याचा अर्थ काय?

ऑर्लँडो पॅटरसन या समाजशास्त्रज्ञाने 1982 च्या आपल्या ग्रंथात गुलामीची जी व्याख्या केली, ती इथे उपयोगी पडते. कष्ट किंवा मारहाण ही गुलामाची खूण नव्हे. ती तर कुळाच्या आणि मजुराच्याही वाट्याला येते. गुलामाची खूण ही, की त्याचे नाते तोडलेले असते. त्याला बाप नाही, गोत नाही, गाव नाही; जे काही आहे ते मालकामार्फत. हसन सुलतानाच्या खालोखाल पोहोचला, तरी ही तूट भरली नाही. ती भरायला नातवाला फौज पाठवावी लागली.

गंगाखेडची जनाबाई हसनच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधीची. परंपरा सांगते, की लहानपणीच बापाने तिला पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवले. ती जन्मभर तिथेच राबली: दळण, कांडण, पाणी, शेणी. तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत आणि त्यांत ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. ‘दासी’ हे भक्तीतले रूपक आहे, असे आपण शिकवतो. तेही खरे, पण ज्या घरात ती दळत होती त्या घरात तो शब्द रूपक नव्हता. अभंगांत ती विठ्ठलाला आई मानते, जात्याशी सोबतीला बसवते. तिने नाते जोडले ते थेट देवाशी, मालकाला वगळून.

मलिक अंबर या मालिकेतला सर्वांत प्रसिद्ध. जन्म इथिओपियात, 1548 च्या सुमारास. विकला जात बगदादमार्गे तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच! त्या व्यापारात हिंदुस्थानी सुती कापड इथिओपियाकडे जाई आणि तिकडून माणसे येत. दरबारात दख्खनी आणि परदेशी सरदारांची तेढ असल्याने नातलग नसलेला, म्हणून निष्ठावान, असा शिपाई राजाला हवा असे. अंबरने 1600 नंतर बुडती निजामशाही तोलून धरली, मोगलांना पंचवीस वर्षे दमवले, 1610 मध्ये खडकी वसवली. पण त्याने गुलामांचा बाजार बंद केला नाही. त्याच्यानंतर पेशवाईतही कुणबिणी आणि बटकी विकल्या जात होत्या, त्यांचे कागद आहेत.

गुलाम सत्तेवर आले तरी गुलामी का टिकली? याच्या उलट उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या सां दोमिंग या फ्रेंच वसाहतीचे, म्हणजे आजच्या हैतीचे. तिथे पाच लाखांच्या आसपास गुलाम होते, गोऱ्यांच्या दहापटींहून जास्त. ऑगस्ट 1791 मध्ये ते उठले. 1794 मध्ये फ्रान्सला आपल्या वसाहतींतली गुलामी रद्द करावी लागली. नेपोलियनने ती परत आणू पाहिली, तेव्हा त्याच्या फौजेचा पराभव करून 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाले. (1825 मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात 15 कोटी फ्रँक भरपाई मागितली. ‘गमावलेल्या मालमत्तेत’ माणसेही धरली होती.)

फरक शौर्याचा नव्हता. दख्खनमधले गुलाम घराघरांत, दरबारांत विखुरलेले होते. वर जाण्याची वाट होती, पण ती एकेकट्याची. सां दोमिंगमध्ये त्यांना शेकड्यांनी एकत्र ठेवणे मालकांना भागच होते, आणि त्याचे एक मोठे कारण ऊस. तोडलेल्या उसातली साखर टिकत नाही. इन्व्हर्टेज या विकरामुळे सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते, जंतूही आपला वाटा घेतात. म्हणून तोडणी, वाहतूक आणि चरक एका लयीत चालावे लागतात, आणि हंगामात एकही हात कमी पडून चालत नाही. क्रांतीचा नेता तुसाँ लुव्हेर्त्यूर, जो स्वतः कधी काळी गुलाम होता, त्यानेही 1801 मध्ये मुक्त मजुरांना मळे सोडायला बंदी केली होती!

त्या शिक्षकांच्या ‘जात होती, गुलाम नव्हते’ या वाक्याला जोतीराव फुल्यांनी 1873 मध्येच हरकत घेतली होती. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना त्यांनी आपले पुस्तक अर्पण केले आणि त्याचे नाव ठेवले ‘गुलामगिरी’. कायदे मात्र सावकाश आले. कंपनीच्या मुलखात 1843 च्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयात चालेनासा झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. 17 सप्टेंबर 1948 नंतरच चित्र बदलू लागले. 1950 च्या संविधानातील कलम 23 ने वेठबिगारीला बंदी केली आणि 1976 च्या कायद्याने उचलीपोटी माणूस बांधून घेणे हा गुन्हा ठरला.

गंगाखेड, सोनपेठकडची कुटुंबे आजही मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. पॅटरसनच्या व्याख्येत हे लोक बसत नाहीत. त्यांना गाव आहे, भाऊबंद आहेत, मत आहे. 1976 च्या कायद्याच्या व्याख्येत ते कितपत बसतात, हे मात्र प्रत्येक मुकादमाच्या वहीवर ठरेल. शिबिर संपताना त्याच शिक्षकांनी आम्हाला आपला हजेरीपट दाखवला. दिवाळीनंतरच्या पानांवर अकरा नावांपुढे आडवी रेघ होती आणि रेघेवर पेन्सिलीने लिहिले होते, ‘ऊसतोड’.