आठवड्याचा एक भाग आणि एका रात्रीची मालिका

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, तेव्हा फार मोठ्या विषयाला हात घालण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु गेल्या हळदीकुंकवाच्या वेळी ज्यावरून आपल्यात दोन तट पडले, तोच विषय घेतला आहे. लेकीसुना म्हणाल्या, मालिका आवडली की तिचे सगळे भाग एका दमात पाहावेत. थोरल्या म्हणाल्या, आठवड्याला एक भाग पाहण्यात जी गोडी होती ती यात नाही. खरे कोणाचे, हे ठरविण्याआधी ही रीत कशी कशी बदलत आली ते पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या दोन्ही रीती दूरदर्शनने आणलेल्या नाहीत. चातुर्मासात दुपारची कामे उरकली की श्रीधरस्वामींचा हरिविजय किंवा पांडवप्रताप रोज थोडा थोडा वाचावयाचा, ही एक रीत. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय ७ दिवसांत पुरे करावयाचे, ही सप्ताहाची दुसरी रीत. पहिलीला कोणी रेंगाळणे म्हटले नाही, की दुसरीला कोणी हावरेपणा म्हटले नाही. मात्र दोन्हीकडे त्या दिवशी कोठे थांबावयाचे ते आधी ठरलेले असे, आणि ऐकावयाला चार जणी असत.

पुढे छापील गोष्टी आल्या. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली. यमू आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगते. तिचे पुढे काय होणार, हे कळण्यासाठी वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. आज तीच कादंबरी पुस्तक हाती आले की आपण चार दिवसांत वाचून काढतो. त्याने यमूचे दुःख कमी होत नाही. पण त्या काळी ते दुःख घरोघर कित्येक महिने मुक्कामाला होते.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ ही हिंदी मालिका दाखविण्यात येऊ लागली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही एका मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा. भाग संपला की अभिनेते अशोककुमार स्वतः प्रेक्षकांशी बोलत. लोकांनी या मालिकेला लाखो पत्रे लिहिली. पत्र लिहावयाला, टपालात टाकावयाला आणि पोहोचावयाला दिवस लागतात. ते दिवस दोन भागांमधल्या अंतराने दिले, हे विसरून चालणार नाही.

मग आले ‘रामायण’. रामानंद सागर यांची ही मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी चालली. आधी ५२ भाग ठरले होते, ते वाढत वाढत ७८ झाले. त्या वेळी रस्ते ओस पडत, लोक संचाला हार घालीत. मालिका संपत आली तेव्हा पुढची कथाही दाखवावी म्हणून पंजाबात जालंधरला सफाई कामगारांनी संप केला, आणि नंतर लवकुशांची कथा दाखविली गेली. आठवड्याआठवड्याने चालणाऱ्या गोष्टीत लोकांना बोलावयास सवड मिळते, ती अशी.

थोरल्या भगिनी याच दिवसांच्या आठवणी काढतात. मी तेव्हा लहान होते. आमच्या चाळीत एकाच घरी संच होता. पुढे पुरुषमंडळी बसत, त्यांच्या पायाशी आम्ही मुले. बायका मात्र दारात उभ्या, त्याही आळीपाळीने, कारण रविवारी सकाळी घरोघर चहा-पोहे आणि नंतरचा स्वयंपाक. माझ्या आईने रामायण पाहिले त्यापेक्षा अधिक ऐकले. राम वनात निघाला तेव्हा ती स्टोव्हला पिन मारीत होती. चुकलेला भाग पुन्हा दिसण्याची सोय नव्हती. दुपारी नळावर शेजारीण जे सांगेल तेच खरे. सगळ्यांची वेळ एकच होती हे खरे, परंतु ती वेळ बायकांना विचारून ठरविलेली नव्हती.

१९९४ साली दूरदर्शनवर ‘शांती’ ही रोज दुपारी दिसणारी मालिका आली. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी निघाली आणि तिच्यावरील ‘आभाळमाया’ घरोघर पाहिली गेली. संध्याकाळची वेळ प्रथमच आपली झाली. पण आठवड्याचे अंतर गेले आणि गोष्टीचा शेवटही दूर गेला. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही हिंदी मालिका २००० साली सुरू झाली ती २००८ पर्यंत संपली नाही.

अमेरिकेत नेटफ्लिक्स कंपनीने १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’ या मालिकेचे १३ भाग एकाच दिवशी लोकांपुढे ठेवले. आठवडाभर थांबण्याचे बंधनच उरले नाही. जानेवारी २०१६ मध्ये ती कंपनी भारतात आली. पुढे मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि ही रीत आपल्या खोल्यांतून पोहोचली.

दोन्ही रीतींची परीक्षा एकाच कथेवर झाली ती २०२० साली. टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच रामायण पुन्हा दाखविले, सकाळी ९ आणि रात्री ९ असे दिवसातून दोनदा. जे पूर्वी दीड वर्ष चालले ते १८ एप्रिलला, म्हणजे तीन आठवड्यांत संपले. आई तेव्हा आमच्याकडेच अडकली होती. तिने ते अगदी पहिल्यापासून, खुर्चीवर बसून पाहिले. शेवटच्या दिवशी म्हणाली, “बसून पाहिलेलं हे पहिलंच रामायण गं. पण बोलू कुणाशी? सगळ्यांची दारं बंद.” पहिल्या वेळी तिला माणसे होती पण बसावयास जागा नव्हती, दुसऱ्या वेळी जागा होती पण माणसे नव्हती.

माझ्या मते सगळा वाद या एका वाक्यात आला. एका दमात मालिका पाहणाऱ्या सुनेला मी नावे ठेवणार नाही. दूध उतू चालले तर तिला गोष्ट थांबविता येते, हे सुख तिच्या सासूला मिळाले नाही. पण थांबण्याची जागा मात्र आता कोणी ठरवीत नाही. पूर्वी ती केंद्र ठरवीत असे. आता एक भाग संपला की काही सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो, रात्रीचा एक वाजतो आणि पाणी तर पहाटे पाचलाच येते. सप्ताहात जो वेग होता त्याला संकल्पाचा लगाम होता. लगाम आपल्या हाती असेल तर वेगाचे भय नाही.

म्हणून एक सूचना करते. मालिका ज्या त्या बाईने आपल्या सवडीने पाहावी, मात्र आज किती भाग पाहावयाचे ते सुरू करण्याआधी ठरवावे. आणि मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत शेवटची पंधरा मिनिटे त्या गोष्टीवर बोलण्यासाठी राखून ठेवावीत. जी सर्वांत मागे असेल तिच्या भागापर्यंतच बोलावे, पुढचे कोणी फोडू नये. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगावी. नळावर आपल्या आया हेच करीत होत्या. आपल्याला तर त्यासाठी सतरंजी आणि चहाही आहे.