प्लॉगिंग

धावता धावता रस्त्यावरचा कचरा उचलण्याचा सामूहिक उपक्रम. सुमारे 2016 मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे एरिक आल्स्ट्रम यांनी त्याला चळवळीचे रूप दिले. त्याआधी, 2009 मध्ये लंडनमध्ये इव्हो गॉर्मली यांनी धावण्याला समाजकार्याची जोड देणारे ‘गुडजिम’ सुरू केले. त्याचे सदस्य गटाने धावत जाऊन सार्वजनिक बागेतले तण काढतात, रोपे लावतात, एकट्या वृद्धांना भेटतात.

महाराष्ट्रात प्लॉगिंगची चळवळ रुजवण्यात विवेक गुरव यांच्या ‘पुणे प्लॉगर्स’चा वाटा मोठा आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे शिकत असतानाही त्यांनी हे काम चालू ठेवले. त्याबद्दल ब्रिटिश पंतप्रधानांचा ‘पॉइंट्स ऑफ लाइट’ पुरस्कार त्यांना मिळाला. 2 ऑक्टोबर 2019 रोजी ‘फिट इंडिया’ मोहिमेतर्फे देशभर प्लॉगिंग दौड झाली.

हातात मोजे, खांद्यावर पोते, एवढीच सामग्री. गुटख्याची पुडी, चहाचा कप, बाटलीचे झाकण दिसले की थांबायचे, गुडघ्यात वाकून उचलायचे आणि पुन्हा धावायचे. व्यायाम आपसूक होतो. शेवटी ओला, सुका कचरा वेगळा करणे मात्र चुकवू नये. नाहीतर कचऱ्याची फक्त जागा बदलते.

मराठी मुलखाला श्रमदान नवे नाही. कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या (1876–1956) नावाने राज्याने 2000-01 मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. हीच परंपरा पुढे नेत नाशिक जिल्ह्यातील देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस सोबत पोते घ्यावे.