भीड आणि घोर : दोन भयांच्या फारकतीचा इतिहास

‘भीड भिकेची बहीण’ आणि ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या दोन म्हणी आपण सहज वापरतो. पहिलीतला माणूस चारचौघांपुढे तोंड उघडत नाही आणि स्वतःचे नुकसान करून घेतो. दुसरीतल्या माणसापुढे कोणी असावेच लागत नाही. त्याचे मनच एकामागून एक अरिष्टे उभी करते. लोकभाषेने या अवस्थांना निरनिराळे शब्द दिले. वैद्यकाच्या अधिकृत यादीत मात्र त्या वेगळ्या व्हायला १९८० साल उजाडावे लागले.

१८९५ मध्ये फ्रॉइडने ‘न्यूरॅस्थेनिया’ या ढोबळ निदानातून चिंतेचा विकार बाजूला काढला. पण त्या नव्या टोपलीतही सततची धास्ती, अचानक येणारे भयाचे झटके आणि निरनिराळ्या भीती एकत्रच पडल्या. फ्रान्समध्ये प्येर जाने याने १९०३ मध्ये एक वेगळा गट नोंदवला : कोणी पाहत असताना बोलणे, लिहिणे किंवा पियानो वाजवणे ज्यांना अशक्य होते, अशांचा. ही नोंद पुढे बरीच वर्षे अडगळीत राहिली. भिडस्तपणा हा स्वभाव, त्याला औषध कसले, अशीच समजूत होती.

१९६६ मध्ये लंडनच्या आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी रुग्णांना साधा प्रश्न विचारला : हे कधी सुरू झाले? प्राण्यांची भीती बालपणीची, तर लोकांसमोर जाण्याची भीती बहुधा वयात येतानाची निघाली. सुरुवातीचे वय वेगळे, तर आजारही वेगळा असावा, असा तर्क पुढे आला. त्या सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी पतंजलीच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती वापरत होते. त्यांचे १९७३ चे लेखनही ‘न्यूरोटिक’ आणि मनोकायिक विकार अशा व्यापक नावांखालीच आहे.

१९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘सोशल फोबिया’ आणि ‘जनरलाइज्ड अँग्झायटी’ ही दोन स्वतंत्र निदाने दिली. तरी घोळ संपला नाही. दुसरे निदान प्रारंभी उरल्यासुरल्यांचेच होते. एक महिना चिंता असली तरी पुरे. १९८७ मध्ये मुदत सहा महिन्यांची झाली आणि अवाजवी काळजी हे त्याचे मुख्य लक्षण ठरले. पण त्याच वर्षी, बहुतेक सगळ्या सामाजिक प्रसंगांना घाबरणाऱ्यांसाठी ‘जनरलाइज्ड सोशल फोबिया’ असा उपप्रकारही आला. एकच विशेषण दोन्हीकडे! एकात ते प्रसंगांची व्याप्ती सांगत होते, दुसऱ्यात काळजीच्या विषयांची. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो उपप्रकार वगळला गेला.

मग ओळखायचे कसे? माणूस एकटा असताना सुटतो का, ही खूण उपयोगी आहे, पण अपुरी. भिडस्त माणूसही आठ दिवस आधीपासून झुरतो आणि नंतर आपले प्रत्येक वाक्य उगाळत बसतो. खरा फरक भीतीच्या विषयात असतो. मुलाखतीला निघालेल्या दोन तरुणांचे हात सारखेच थरथरतात. एकाला वाटते, ही थरथर समोरच्यांना दिसेल आणि ते मनात हसतील. दुसऱ्याला वाटते, नोकरी हुकली तर कर्ज कसे फिटेल, त्यातच आई आजारी पडली तर? पहिला लोकांच्या नजरेला भितो, दुसरा उद्याला. दोन्ही भये एकाच माणसात नांदू शकतात, हेही विसरता येत नाही.

पुस्तकातला हा भेद अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात नेला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी प्रवरेच्या खालच्या अंगाला उसाकडे जाते. वर घाटघर-रतनवाडीकडे भात पावसाच्या भरवशावर. आवणीच्या दिवसांत पावसाने ओढ दिली की घरोघरी घोर लागतो. तो आजार नव्हे. त्याला कारण आहे, हंगाम आहे. आवणी उरकली की तो उतरतो. आजारातल्या काळजीला हंगाम नसतो. एक विषय मिटला की ती दुसरा धरते. तसेच, घरी महादेव कोळी किंवा ठाकर बोली बोलणारे मूल आश्रमशाळेत प्रमाण मराठीपुढे गप्प बसले, तर त्याला लगेच सामाजिक भयाचा रुग्ण ठरवता येत नाही. बोलीला कोणी हसत असेल, तर दोष वर्गाचा. प्रसंगाच्या मानाने भीती अवाजवी आहे का, हे त्या समाजाचे रीतीरिवाज लक्षात घेऊन ठरवावे, असे २०१३ ची पुस्तिकाही सांगते.

फारकतीचे महत्त्व उपचारात आहे. काही गोळ्या दोन्हींवर चालतात, म्हणून भेदाकडे दुर्लक्ष होते. पण बोलून करायच्या उपचारांत वाटा फुटतात. भिडेने ग्रासलेल्याला टाळलेल्या प्रसंगांत पायरीपायरीने जावे लागते. घोर लागलेल्याला चिंता करण्याच्या सवयीवरच काम करावे लागते. त्याला सभेत उभे करून काही साधत नाही. आपल्याकडे एक अडचण अधिक आहे. मुलीचा भिडस्तपणा घरात गुण म्हणून वाखाणला जातो आणि ती कॉलेज सोडते तेव्हाही कोणाला शंका येत नाही. ‘काळजी वाटते का?’ या प्रश्नाला दोघेही ‘हो’च म्हणतील. पुढचा प्रश्न, ‘कशाची?’, विचारायलाच हवा आणि उत्तर येईपर्यंत थांबायला हवे. भिडस्त माणसाला ते उत्तर द्यायलाही वेळ लागतो.