निळ्या पडद्याचं पुढे काय झालं?

आपल्या बॅचला संगणकाचा तास आठवड्यातून एकच असे. चपला दाराबाहेर, एका संगणकासमोर तिघं आणि पडदा निळा. तो निळा पडदा म्हणजे क्यूबेसिक. सर फळ्यावर प्रोग्राम लिहीत, आपण तो वहीत उतरवायचा आणि पाळी आली की टाईप करायचा. माझी ती वही परवा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली, म्हणून हा लेख.

बेसिक ही भाषा आपल्यापेक्षा वयाने मोठी. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ती तयार केली. 1 मे 1964 च्या पहाटे तिच्यातला पहिला प्रोग्राम चालला. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. म्हणूनच तिच्यात ‘प्रिंट’, ‘इफ’, ‘गोटू’ असे साधे शब्द आले.

मायक्रोसॉफ्टने 1991 साली एमएस-डॉस 5.0 सोबत क्यूबेसिक दिलं. ते वेगळं विकत घ्यावं लागत नसे. डॉसमध्ये ‘एडिट’ ही कमांड दिली की पडद्यामागे क्यूबेसिकचाच एडिटर उघडत असे. आपण लहान अक्षरांत ‘प्रिंट’ टाईप करून एंटर दाबलं की तो शब्द मोठ्या अक्षरांत करायचा आणि ओळ चुकली असेल तर तिथल्या तिथे सांगायचा. एफ-5 दाबलं की प्रोग्राम सुरू. सोबत आलेला गोरिलांचा खेळ तर कोणीच विसरलं नसेल. कोन आणि वेग भरून इमारतींवरून केळी फेकायची! प्रक्षेप्य गती अनेकांनी आधी तिथेच अनुभवली.

पुढे विंडोज आलं आणि क्यूबेसिक मागे पडलं. 64 बिटांच्या विंडोजवर 16 बिटांचे जुने प्रोग्राम चालत नाहीत, त्यामुळे नव्या संगणकांवर ते उघडेनासं झालं. ते फुकट मिळत होतं, पण त्याचा कोड बंद होता. त्यामुळे बाहेरच्या कोणाला ते दुरुस्त करून पुढे नेता येत नव्हतं.

‘गॅलियन’ या टोपणनावाच्या एका प्रोग्रामरने 2007 मध्ये वेगळी वाट धरली. त्याने क्यूबेसिकशी जुळणारी प्रणाली नव्याने लिहायला घेतली. तीच आजची क्यूबी64. पडदा तसाच निळा, एफ-5 तेच. आत मात्र आपला बेसिक प्रोग्राम आधी सी++ मध्ये बदलला जातो आणि मग आजच्या संगणकासाठी तयार होतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो चालतो. विशेष म्हणजे तिचा एडिटरही बेसिकमध्येच लिहिलेला आहे.

2022 मध्ये या प्रकल्पाची मूळ घडी विस्कटली. एखादं बंद उत्पादन असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कोड खुला होता. त्यावर काम करणाऱ्या काहींनी तो उचलला आणि ‘फिनिक्स एडिशन’ नावाने काम पुढे चालू ठेवलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी कितीतरी चांगली साधनं बंद पडताना पाहिली आहेत. उपयोग संपला म्हणून ती गेली नाहीत. दुसऱ्या कोणाला ती हातात घेण्याची मुभाच नव्हती. ‘मुक्त स्रोत’ या शब्दाला नुसतं ‘फुकट’ समजू नये, ते एवढ्यासाठी.

वहीतला पहिला प्रोग्राम 17 च्या पाढ्याचा आहे, चार ओळींचा. खाली सरांची लाल शाईतली सही. मी तो जसाच्या तसा क्यूबी64 मध्ये टाईप करून एफ-5 दाबलं. दोन-चार सेकंद गेले आणि पाढा आला. एकही अक्षर बदलावं लागलं नाही.

संमेलनाला मी लॅपटॉप आणते आहे. ज्यांच्या वह्या रद्दीत गेल्या नसतील, त्यांनी त्या जरूर आणाव्यात. आणि सर, पहिलं एफ-5 तुम्हीच दाबायचं.